सुरक्षेसाठी माहिती द्यायची, पण माणूस उघडा पडू द्यायचा नाही

साथ कुठे पसरते आहे, एकाच चौकात वारंवार अपघात का होतात, चोरीची गाडी कोणत्या रस्त्याने गेली, गर्दीच्या वेळी स्थानकात किती माणसं असतात... अशा कामांसाठी दवाखाने, वाहतूक संस्था, मोबाइल कंपन्या आणि दारात कॅमेरे लावलेल्या इमारती यांच्याकडे माहिती मागितली जाते. मागणी बहुतेकदा रास्त असते. पण घाईत ती पुरी करताना गरजेपेक्षा कितीतरी जास्त माहिती बाहेर जाते, आणि एकदा गेलेली माहिती परत घेता येत नाही. ती ज्यांची असते त्यांना बहुतेक वेळा कोणी विचारलेलंही नसतं. त्यामुळे जपण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. ही कृती देणाऱ्यांसाठीच लिहिली आहे.

आधी प्रश्न, मग रकाने

मागणी आली की लगेच फाइल उघडू नका. या माहितीवरून नेमका कोणता निर्णय घेतला जाणार आहे, हे मागणाऱ्याकडून एका वाक्यात लिहून घ्या. ‘साथीवर लक्ष ठेवायचं आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘ज्या प्रभागात जुलाबाचे रुग्ण मागच्या आठवड्याच्या दुप्पट झाले तिथे पाण्याचे नमुने घ्यायचे आहेत’ हे वाक्य चालतं, कारण त्यातून रकाने आपोआप ठरतात: प्रभाग, आठवडा, तक्रार, संख्या. नाव, फोन, जन्मतारीख, पत्ता आणि डॉक्टरांची टिपणं यांतलं काहीच लागत नाही. ‘पुढे कधी उपयोगी पडेल’ म्हणून मागितलेला रकाना देऊ नका. तशी गरज खरोखर निर्माण झाली की नवी मागणी करता येते.

मग स्वतःला विचारा, नुसता आकडा देऊन भागतं का? भागत असेल तर तिथेच थांबा. नसेल, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या उत्तराने भागतं का? उदाहरणार्थ, चोरीच्या गाडीचा शोध. रस्त्यावरून गेलेल्या सगळ्या गाड्यांचे क्रमांक केंद्राकडे पाठवण्याची गरज नसते. हव्या असलेल्या क्रमांकांची यादी कॅमेऱ्याजवळच्या यंत्रावर मागवायची, तुलना तिथेच करायची, जुळलेली नोंदच पुढे पाठवायची आणि न जुळलेल्या नोंदी काही मिनिटांत पुसायच्या. जुळलेला प्रत्येक फोटो कारवाईआधी माणसाने डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे. पाटी वाचणारं सॉफ्टवेअर शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत गल्लत करतं, आणि त्याचा ताप भलत्याच गाडीवाल्याला होतो.

मध्यवर्ती यादी न करताही किती काम होऊ शकतं, हे २०२० मध्ये ॲपल आणि गुगल यांनी मिळून केलेल्या संपर्क-सूचना पद्धतीने दाखवलं. फोन एकमेकांना ब्लूटूथवरून यादृच्छिक संकेत पाठवत आणि तो संकेत साधारण १० ते २० मिनिटांनी बदले. बाधित माणसाने संमती दिली तरच त्याच्या किल्ल्या (ज्यांवरून त्याच्या फोनचे संकेत तयार होत ते गुप्त आकडे) जाहीर होत, आणि जुळणी ज्याच्या-त्याच्या फोनमध्येच होई. कोण कोणाला भेटलं याची यादी कोणाच्याच हाती लागत नव्हती.

अनेक संस्थांची मिळून फक्त बेरीज हवी असेल, तर स्वतःचा आकडाही कोणाला न कळवता ती देता येते. समजा तुमचा आकडा ३७ आहे. १००० च्या आतले दोन यादृच्छिक आकडे घ्या, उदाहरणार्थ ५१२ आणि २८८. तिसरा असा निवडा की तिघांची बेरीज १०३७ होईल: २३७. हे तीन तुकडे तीन वेगळ्या ठिकाणी पाठवा. प्रत्येक ठिकाण आपल्याकडे आलेल्या सर्व संस्थांच्या तुकड्यांची बेरीज करतं, शेवटी त्या तीन बेरजा एकत्र होतात आणि हजाराच्या पटी सोडल्या की खरी एकूण संख्या उरते. एकूण संख्या हजारापर्यंत जाण्याची शक्यता असेल तर हजाराऐवजी दहा लाखांसारखा मोठा आकडा धरा. तिन्ही ठिकाणं एकाच मालकाच्या ताब्यात असतील तर मात्र या सगळ्याला काही अर्थ राहत नाही.

आकड्यानेही नाही आणि हो-नाहीनेही नाही, असं ठरलं तरच एका ओळीत एक माणूस अशी यादी द्यायची. खरी मेहनत इथून सुरू होते.

नाव काढल्याने ओळख जात नाही

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या गेल्या. संशोधक लटान्या स्वीनी यांनी तिथल्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे त्या शहरात सहा मतदार होते, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये फक्त एक. गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी सापडल्या. पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून अंदाज मांडला की अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्यावरून एकटे पडतात. नंतर दुसऱ्या संशोधकाने नव्या जनगणनेवर हाच हिशेब केला तेव्हा तो ६३ टक्के आला. कमी धरला तरी निम्म्याहून जास्तच.

म्हणून रकान्यांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात थेट ओळख: नाव, फोन, ईमेल, ओळखपत्राचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, बँक खातं, चेहरा, आवाज, फोन किंवा संगणकाचा यंत्रक्रमांक. दुसऱ्या ढिगात आडून ओळख पटवणारं: वय, लिंग, जागा, तारीख, व्यवसाय, भाषा, घरातल्या माणसांची संख्या. तिसऱ्या ढिगात नाजूक गोष्ट, म्हणजे आजार, गुन्हा, अत्याचार, व्यसन. पहिला ढीग काढून टाका. दुसरा जाड करा, म्हणजे त्याचे बारकावे कमी करा. तिसरा बहुधा जसाच्या तसा द्यावा लागतो, कारण मागणी त्याचीच असते. दुसऱ्या ढिगावर कष्ट घ्यायचे ते त्यासाठीच.

वय पाच किंवा दहा वर्षांच्या गटात टाका. टोकांना जास्त जपा. अमेरिकेच्या आरोग्यविषयक नियमांत ८९ वर्षांवरील सगळ्यांना ‘९० आणि पुढे’ या एकाच गटात घालतात, कारण शंभरीतला माणूस कोणत्याही गावात लगेच ओळखू येतो. त्याच नियमांनुसार पिनकोडचे पहिले तीन आकडेही तेव्हाच देता येतात, जेव्हा त्या भागात २०,००० पेक्षा जास्त लोक राहतात.

तारखेऐवजी आठवडा द्या. संशोधनाच्या फायलींत प्रत्येक माणसाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी पुढे-मागे सरकवण्याची पद्धत आहे आणि तिथे ती चांगली चालते. साथीच्या देखरेखीत ती वापरू नका. प्रत्येकाचा सरक वेगळा असल्याने साथीचा चढ-उतारच पुसला जातो आणि माहिती मागण्याचा हेतू बुडतो.

जागेचं बघू. अक्षांशातल्या दशांश स्थळांना काय अर्थ आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. पाच स्थळं म्हणजे साधारण १ मीटर, चार म्हणजे ११ मीटर, तीन म्हणजे ११० मीटर, दोन म्हणजे १.१ किलोमीटर. चार स्थळं दिली की घर सापडलं. दाट वस्तीत दोन स्थळं बहुधा पुरतात. विरळ वस्तीत तीही धोक्याची, कारण त्या चौरस किलोमीटरमध्ये एकच वाडा असू शकतो. म्हणून चौकट किलोमीटरवर न ठरवता लोकसंख्येवर ठरवा आणि पुरेसे लोक मावेपर्यंत ती मोठी करत जा. नकाशावर घराघरांचे ठिपके देऊ नका. छापील नकाशाचं चित्र खऱ्या नकाशावर बसवून ठिपक्यावरून पत्ता काढता येतो.

मोकळ्या मजकुराचा रकाना सगळ्यांत दगा देतो. ‘नाव’ या रकान्यातलं नाव तुम्ही काढता, पण शेरा लिहिणाऱ्याने ‘शाळेच्या मुख्याध्यापकांच्या आई, जिन्यावरून पडल्या’ असं लिहिलेलं असतं. नावं हुडकणारं सॉफ्टवेअर इथे हात टेकतं, कारण यात नाव नाहीच. त्यामुळे शेरे पाठवूच नका. त्यातून जे हवं आहे ते १०–१५ पर्यायांच्या यादीत बसवा (पडणे, भाजणे, वाहनाची धडक, विषबाधा, इतर) आणि पर्याय निवडण्याचं काम तुमच्याच जागी करून घ्या.

एकाच माणसाच्या नोंदी जोडायच्या असतील तर

तोच रुग्ण पुन्हा आला का, तेच वाहन तीनदा दिसलं का, हे कळण्यासाठी टोपणक्रमांक लागतो. इथे एक चूक सर्रास होते: फोन क्रमांकाचा साधा हॅश (गणिताने काढलेली ठरावीक लांबीची सांकेतिक खूण) काढून तो ‘निनावी’ म्हणून देणं. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण दहा आकडी क्रमांक एकूण १००० कोटीच आहेत. ते सगळे एकेक हॅश करून पाहायला खेळांसाठीच्या साध्या ग्राफिक कार्डला फार वेळ लागत नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींहून जास्त फेऱ्यांची माहिती जाहीर झाली, तेव्हा परवाना आणि टॅक्सी क्रमांक एमडी५ हॅशने झाकलेले होते. क्रमांकांची ठेवण सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे काही तासांतच ते सगळे उघडे पडले.

बरोबर पद्धत अशी. ३२ बाइटची यादृच्छिक गुप्त किल्ली तयार करा. ती यंत्राकडून करून घ्या, स्वतः शब्द सुचवू नका. त्या किल्लीने एचमॅक-एसएचए२५६ (किल्ली मिसळून हॅश काढण्याची पद्धत) वापरून प्रत्येक क्रमांकाचा टोपणक्रमांक काढा. त्याआधी क्रमांक एका साच्यात आणा: मोकळ्या जागा, जोडरेषा, पुढचं शून्य आणि देशाचा कोड काढा. नाहीतर एकाच माणसाचे तीन टोपणक्रमांक तयार होतात आणि आलेल्या रुग्णांची संख्या फुगते. किल्ली माहितीच्या संगणकावर ठेवू नका आणि घेणाऱ्याला देऊ नका. प्रत्येक कामासाठी वेगळी किल्ली वापरा, म्हणजे अपघातांच्या यादीतला माणूस साथीच्या यादीतल्या माणसाशी जोडता येणार नाही. जोडणी महिन्याभरापुरतीच हवी असेल तर किल्ली दर महिन्याला बदला.

टोपणक्रमांक दिला म्हणजे यादी निनावी झाली, असं मात्र समजू नका. एका माणसाच्या नोंदी जितक्या लांबवर जोडल्या जातील तितकं त्याचं चित्र स्पष्ट होत जातं. २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध नावांऐवजी क्रमांक घालून जाहीर केले. लोक स्वतःचं गाव, आडनाव, आजार यांचा शोध घेतातच. पत्रकारांनी काही दिवसांत त्यातून एका महिलेचं घर गाठलं.

फिरण्याच्या नोंदी याहून अवघड. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. वेळ तासाच्या अंदाजाने आणि जागा टॉवरच्या अंदाजाने, एवढं ढोबळ असूनही चार नोंदी ठाऊक असल्या की ९५ टक्के लोक एकटे सापडत होते. रात्रीची जागा म्हणजे घर, दुपारची म्हणजे काम. त्यामुळे पूर्ण मार्ग देऊच नका. गर्दीचं नियोजन करायचं असेल तर ‘या चौकटीतून त्या चौकटीत, या तासात, इतके लोक’ असा तक्ता पुरतो. मार्ग द्यावाच लागला तर सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर कापा, रोज नवा टोपणक्रमांक द्या आणि विरळ रस्ते वगळा. नुसत्या उष्णता-नकाशानेही (जिथे वर्दळ जास्त तिथे जास्त चमकणारा नकाशा) घात होतो. धावणं, सायकल चालवणं यांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपच्या जागतिक नकाशावर ओसाड प्रदेशात चमकणाऱ्या धावण्याच्या वाटांवरून लष्करी तळ ओळखता आले, हे २०१८ च्या सुरुवातीला लक्षात आलं. त्या नकाशात एकाचंही नाव नव्हतं.

आकडेही बोलतात

आकडा दिला म्हणजे सुटलो, असं वाटतं. पण तक्त्यात ‘१’ लिहिलेलं घर म्हणजे एक माणूस. साधी मर्यादा धरा: ओळखीच्या, करार झालेल्या कार्यालयाला जाणाऱ्या तक्त्यात ५ पेक्षा लहान आकडा छापू नका, जाहीर होणाऱ्या तक्त्यात ११ पेक्षा लहान छापू नका. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या माहितीबाबतही हाच दंडक आहे, १ ते १० मधला आकडा दाखवायचा नाही.

लपवलेला आकडा वजाबाकीने परत येतो, आणि बहुतेक तक्ते फसतात ते इथेच. समजा चार भागांत २१, १३, ६ आणि ३ रुग्ण आहेत, एकूण ४३. तुम्ही ३ झाकला आणि एकूण तसाच ठेवला. ४३ मधून २१, १३ आणि ६ वजा केले की ३ समोर. म्हणून दुसरा लहानात लहान आकडाही, इथे ६, झाकावा लागतो. तक्त्यात आडव्या-उभ्या दोन्ही बेरजा असतील तर प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात किमान दोन घरं झाकलेली हवीत. टक्केवारीतूनही हाच प्रकार होतो: एकूण १२ आणि त्यांतले ३३.३ टक्के म्हणजे ४.

काळाची वजाबाकी तर सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. मागच्या आठवड्यात आतापर्यंतचे एकूण १७, या आठवड्यात १८. दोन्ही आकडे मर्यादेच्या वर आहेत, तरी मधल्या सात दिवसांत एकालाच आजार झाला हे सांगून मोकळे झाले. त्या आठवड्यात शेजाऱ्याच्या दारात रुग्णवाहिका पाहिलेल्या माणसाला आणखी काही लागत नाही. म्हणून नवा तक्ता पाठवण्याआधी तो मागच्या तक्त्यातून वजा करून पाहा, आणि फरकालाही तीच मर्यादा लावा.

जाहीर आकडेवारी नियमित जात असेल तर आकड्यांत मोजून यादृच्छिक फरक मिसळण्याची पद्धत वापरा. डिफरन्शियल प्रायव्हसी नावाने ती २००६ मध्ये मांडली गेली, आणि अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत वापरली गेली. हिशेब सोपा आहे. एक माणूस एका आकड्यात जास्तीत जास्त किती भर घालू शकतो ते ठरवा, समजा १. त्याला एप्सिलॉन नावाच्या मापाने भागा (ते जितकं लहान तितकं संरक्षण जास्त). आलेली संख्या लाप्लास वितरणाची (यात लहान फरक जास्त वेळा आणि मोठे क्वचित येतात) रुंदी म्हणून वापरून यादृच्छिक फरक काढा आणि आकड्यात मिळवा. एप्सिलॉन १ असेल तर १०० पैकी ९५ वेळा फरक ३ च्या आत राहतो, ०.१ असेल तर ३० च्या आत. २०० च्या आकड्याला ३ चा फरक काहीच नाही. ४ च्या आकड्याचा त्याने पार भुगा होतो. तो होऊ द्या, तोच हेतू आहे. लहान आकडे उपयोगी हवे असतील तर आठवडे किंवा प्रभाग एकत्र करा.

यात दोन ठिकाणी घसरायला होतं. कोणी तोच आकडा पुन्हा मागितला आणि तुम्ही दरवेळी नवा फरक मिसळला, तर सरासरी काढून खरा आकडा मिळतो. म्हणून एकदा दिलेला आकडा जपून ठेवा आणि तोच पुन्हा द्या. दुसरं, एप्सिलॉनची बेरीज होत जाते: तोच माणूस दर आठवड्याच्या आकड्यात येत असेल आणि दर आठवड्याला ०.१ खर्च होत असेल, तर वर्षाचे ५.२ होतात. वर्षाची मर्यादा आधी ठरवा आणि मग ती आठवड्यांत वाटा.

फुटेज आणि फोटो

पूर्ण दिवसाचं फुटेज देऊ नका. घटनेची वेळ, आधीची-नंतरची थोडी मिनिटं, आणि संबंधित कॅमेरा एवढंच द्या. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक आधी मोजून लिहून ठेवा. सात मिनिटांनी मागे असलेल्या घड्याळामुळे भलताच तुकडा कापला जातो आणि भलताच माणूस चौकटीत येतो. मूळ फाइलला हात लावू नका. तिचा एसएचए२५६ हॅश नोंदवा, ती बंदोबस्तात ठेवा, आणि काम प्रतीवर करा. न्यायालयात मूळ लागलं तर ते रीतसर देता येईल.

तुकडा कापताना व्हिडिओ पुन्हा एन्कोड करा. एफएफएमपेग किंवा तत्सम साधनात ‘नुसती प्रत’ हा झटपट पर्याय निवडला की कात्री पूर्ण चित्र साठवलेल्या चौकटीवरच (कीफ्रेमवर) बसते, आणि तुम्ही सांगितलेल्या क्षणाच्या आधीची काही सेकंदं फाइलमध्ये राहू शकतात. काही वेळा ती सुरू केल्यावर दिसत नाहीत, पण काढता येतात. आवाजाची गरज नसेल तर आवाजाची पट्टी काढून टाका.

बाजूच्या माणसांचे चेहरे झाकताना काळा, भरीव चौकोन वापरा. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की ठोकळे-ठोकळे केलेले किंवा धूसर केलेले चेहरे संगणकाला शिकवून ओळखता येतात. चेहरा शोधणारं सॉफ्टवेअर मान वळली, मास्क लावला किंवा प्रकाश बदलला की एखादी चौकट चुकवतं, आणि ओळख पटायला एक चौकट पुरते. म्हणून झाकलेलं फुटेज मंद गतीने शेवटपर्यंत पाहा. चेहऱ्याइतकेच कपड्यांवरची नावं, गोंदण, गाडीची पाटी, घराचा क्रमांक, काचेतलं प्रतिबिंब आणि शेजाऱ्याची उघडी खिडकीही पाहा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शेजाऱ्याच्या खिडकीवर कायमचा पडदा टाकायची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती आजच वापरा, मग प्रश्नच उरणार नाही.

फोटोच्या फाइलमध्ये जागा, वेळ आणि कधी कधी कॅमेऱ्याचा अनुक्रमांक असतो. एक्झिफटूल या साधनाने ते सगळं काढा, आणि फाइलमधली लहान प्रतिमाही काढा, कारण तुम्ही कापलेला भाग तिच्यात शाबूत असू शकतो. नुसतं कापणंही भरवशाचं नाही: २०२३ मध्ये आढळलं की गुगल पिक्सेल फोनच्या संपादन साधनात कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मूळ चित्राचा बराच भाग मागे राहत होता. कापलेलं चित्र नव्या फाइलमध्ये निर्यात करून घ्या.

फाइलच्या पोटात काय आहे

२०२३ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. दिसणारा तक्ता निरुपद्रवी होता. मागे लपवलेल्या पानावर साडेनऊ हजारांच्या आसपास अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं आणि नेमणुका होत्या. जिथे पोलिसांवर हल्ले होतात अशा प्रदेशात ही चूक किती जणांची झोप उडवणारी ठरली असेल, याची कल्पना करा.

म्हणून स्प्रेडशीट पाठवूच नका. लागणारे रकाने निवडून साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला नुसता मजकूर) तयार करा. लपवलेले स्तंभ, लपवलेली पानं, टिपा आणि पिव्हट तक्त्यामागे (ओळींचे गट पाडून मोजणाऱ्या तक्त्यामागे) साठलेला कच्चा माल तिच्यात येत नाही. ती नोटपॅडमध्ये उघडून वरच्या, मधल्या आणि शेवटच्या ओळी वाचा. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. तसं करून पाहाच. मजकूर आला तर पान चित्र म्हणून निर्यात करा.

पाठवण्याआधी स्वतःच फोडून पाहा

लिंग, वयोगट, भाग आणि आठवडा असे दुसऱ्या ढिगातले सगळे रकाने एकत्र धरून प्रत्येक जोडणीच्या किती ओळी आहेत ते मोजा. पिव्हट तक्त्याने हे पाच मिनिटांत होतं. सर्वांत लहान गट ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर वयोगट रुंद करा किंवा भाग जोडा. तरीही दोन-चार ओळी उरल्या तर त्या गाळा, आणि किती गाळल्या ते कळवा. मग तिसऱ्या ढिगाकडे बघा. गटात दहा जण असले आणि दहाही जणांना एकच आजार असला, तर कोणती ओळ कोणाची हे न कळताही आजार कळतो. असे गट दुसऱ्या गटांत मिसळा.

यानंतर फाइल अशा सहकाऱ्याला द्या, ज्याने ती तयार केलेली नाही. दोन तास द्या, इंटरनेट द्या, जुन्या बातम्या पाहू द्या, आणि एकच काम सांगा: यातला एक माणूस शोधून दाखव. मोठा अपघात, जुळ्यांचा जन्म, दुर्मीळ आजार, स्थानिक पुढाऱ्याचं आजारपण अशा बातम्यांमधूनच बहुतेक ओळी फुटतात. सापडला, तर फाइल परत कामाला घ्या.

देताना आणि दिल्यानंतर

मागणारा खरंच तोच आहे का, हे पाहा. २०२२ मध्ये उघड झालं की हॅकरांनी पोलिसांच्या बळकावलेल्या ईमेल खात्यांवरून ‘जिवाला धोका आहे, ताबडतोब द्या’ अशा मागण्या पाठवून मोठ्या कंपन्यांकडून लोकांची माहिती मिळवली होती. घाई दिसली की आलेल्या संदेशातल्या क्रमांकावर फोन करू नका. कार्यालयाचा जाहीर क्रमांक स्वतः शोधून तिथे करा. जिवाचा धोका खरा असेल तर उशीर करू नका, पण त्या एकाच माणसापुरतं द्या. काय दिलं, कोणाला, किती वाजता आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

फाइल एईएस-२५६ या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने बंद करून पाठवा, पासवर्ड फोनवरून सांगा. साध्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावं झाकली जात नाहीत, म्हणून फाइलच्या नावात कोणाचं नाव किंवा आजार घालू नका.

करार दोन पानांचा पुरतो, पण त्यात हे हवं: ठरलेला एकच हेतू, रकान्यांची यादी, पाहू शकणाऱ्यांची पदं, पुढे कोणालाही न देण्याची आणि ओळख पटवण्याचा प्रयत्न न करण्याची हमी, प्रत्येक उघडण्याची नोंद, माहिती फुटल्यास २४ तासांत कळवणं, आणि पुसण्याची तारीख. ‘काम संपेपर्यंत’ ही तारीख नव्हे. कॅलेंडरवरचा दिवस घाला. मुदत वाढवायची असेल तर त्यांनी कारण लिहून मागावं.

तारीख आली की पुसल्याचं पत्र मागा, आणि बॅकअपचं काय झालं ते नेमकं विचारा. मूळ फाइल पुसली तरी बॅकअपची फेरी पूर्ण होईपर्यंत प्रती जिवंत राहतात, आणि ही फेरी कित्येक महिन्यांची असू शकते. ती तारीखही पत्रात यायला हवी. तुमच्या बाजूने टोपणक्रमांकाची किल्ली नष्ट करा. त्याआधी कोणत्याही रुग्णाला किंवा साक्षीदाराला पुन्हा संपर्क करायचा राहिलेला नाही, याची खात्री करून घ्या, कारण त्यानंतर त्या क्रमांकांमागचा माणूस तुम्हालाही सापडणार नाही. किल्लीची प्रत पासवर्डच्या पेटीत, जुन्या लॅपटॉपवर किंवा कोणाच्या ईमेलमध्ये राहिली आहे का ते पाहा, ती काढा, आणि नोंदवहीत तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या.